खिडकीजवळची जागा

१९६६ साली आमचा कारखाना बिनमालकाचा झाला. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मला चष्मा लागला आणि सगळ्यांनी मला ऐकवलं, "मोठ्या बहिणीचे डोळे बघ, आणि तुझे बघ." ताई त्यावर हसायची. हसताना मात्र माझ्याकडे बघायची नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कारखाना भिंतीवरच्या घड्याळांचा. खाली पुरुष यंत्रं जोडायचे आणि वरच्या लांबट खोलीत आम्ही बायका तबकड्या रंगवायचो. पांढऱ्या गोल पत्र्यावर काळ्या रंगाने रोमन आकडे. काम सोपं वाटतं, नुसत्या रेघा तर ओढायच्या. पण सातात दोन उभ्या रेघा असतात आणि आठात तीन, आणि त्या इतक्या जवळजवळ असतात की जांभई आली तरी सातचे आठ व्हावेत. खोलीला धड म्हणावी अशी एकच खिडकी, एका टोकाला. तिच्याजवळच्या मेजावर उजेड स्वच्छ, बिनसावलीचा. मागे जावं तसा तो पातळ होत जायचा, आणि शेवटच्या रांगेत दिवा लावला की आपल्याच हाताची सावली आकड्यावर पडायची.

मालकांनी ह्या उजेडाचंच बक्षीस केलं होतं. दर शनिवारी तपासणी व्हायची. तपासणारी बाई हडकुळी, गळ्यात दोऱ्याने भिंग अडकवलेलं, म्हणून तिला सगळ्या भिंगच म्हणायच्या, अगदी तोंडावरसुद्धा. चुकलेली तबकडी ती सगळ्यांदेखत टर्पेंटाइनच्या थाळीत बुडवायची. दिवसभराचं काम डोळ्यांसमोर काळं पाणी होऊन जायचं. जिच्या चुका जास्त ती एक रांग मागे, जिच्या सगळ्यांत कमी ती खिडकीत. ताई वर्षानुवर्षं खिडकीत होती. त्या खुर्चीच्या हातांना तिच्या कोपरांनी चकाकी आली होती.

मालक थकले. त्यांनी कारखाना बंद करायचा म्हटलं आणि आमच्या ह्यांनी तो चालवायला घ्यायचा म्हटलं. हे खालच्या मजल्यावर जोडारी होते आणि संघटनेचे पुढारीही. घरात नळ गळत असला तरी बाहेर जगाची दुरुस्ती चालायची. सगळ्यांनी मिळून चालवायचा, सगळ्यांचा कारखाना, सगळ्यांना सारखा पगार. मालक हो म्हणाले. हे त्या दिवशी घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिले.

ताईचे यजमान, म्हणजे दाजी, ह्यांच्या अगदी उलट. नाक्यावर त्यांचं घड्याळांचं दुकान. आम्ही एकाच इमारतीत, ताई वर, आम्ही खाली, आणि रविवारचं जेवण ताईकडे. जेवण म्हणजे निमित्त. दोघे साडू ताटावर बसले की जगाची वाटणी सुरू व्हायची.

"साडूबुवा," दाजी म्हणायचे, "तुमच्या राज्यात चांगलं काम करणाऱ्याला काय मिळणार?"

"वाईट करणाऱ्याला मिळेल तेच. भूक दोघांनाही सारखीच लागते."

"मग तो चांगलं करेल कशाला?"

"का? तुम्ही बायकोवर प्रेम करता ते काय बक्षिसासाठी?"

"करतात का?" ताई वाढता वाढता म्हणाली. "मला कुणी कळवलं नाही."

आम्ही हसलो, पण दाजी सोडायचे नाहीत. "माझ्या दुकानात गिऱ्हाईक राजा. त्याला न पटलेलं घड्याळ मी भिंतीवर ठेवत नाही, मग ते माझ्या सासऱ्याने केलेलं का असेना. असं असतं म्हणून माल चांगला निघतो. तुमचा सगळ्यांचा कारखाना म्हणजे कुणाचाच नाही."

"आणि ज्याच्या हातून वाईट घड्याळ निघालं त्या माणसाचं काय करायचं?"

"मी माणसं विकत नाही हो, घड्याळं विकतो."

"तेच तर दुखणं आहे," हे म्हणायचे, आणि रस्सा थंड होऊन जायचा.

पहिली सभा आमच्या वरच्या खोलीत झाली. ह्यांनी ठराव वाचले. तपासणी बंद. टर्पेंटाइनची थाळी बंद. भिंगने इतरांसारखं मेजावर बसून रंगवायचं. प्रत्येकीने सहाच्या आकड्याखाली आपली बारीकशी खूण करायची. "दुसऱ्याची भीती नको," हे म्हणाले, "आपल्या कामाची लाज आपल्याला पुरे." आणि शेवटचा ठराव, खिडकी आळीपाळीने, दर आठवड्याला एकीला. उजेड कुणाच्या मालकीचा नाही.

खोली टाळ्यांनी दणाणली. मागच्या रांगेतली चिमणी तर खुर्चीवर उभी राहिली. ती अंगाने चिमणीएवढी आणि आवाजाने कावळ्याएवढी. एवढ्या वर्षांत तिने खिडकीतून बाहेरचा रस्ता पाहिला नव्हता. ताईसुद्धा टाळ्या वाजवत होती. मी तिच्या शेजारी होते. तिचे तळहात एकमेकांना लागत नव्हते.

घरी जाताना ती माझा दंड धरून चालत होती. एकाएकी म्हणाली, "धाकटे, मागच्या रांगेत मला दिसायचं नाही."

"सगळ्यांनाच कमी दिसतं तिथे."

"कमी नाही. दिसायचंच नाही." ती थांबली. "खिडकीतसुद्धा आता रेघा दिसत नाहीत मला. अंदाज दिसतो. हात सवयीने चालतो. मध्यभागी सगळं वितळल्यासारखं होतं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. चष्म्याचं काम नाही म्हणाला." आणि मग दंडाला चिमटाच काढला तिने. "तुझ्या ह्यांना सांगायचं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. मला घरी बसवतील. मी घरी बसून काय करू? भिंतीवरची घड्याळं ऐकू?"

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून उरली नाही. पुढच्या सोमवारी ताई शेवटच्या रांगेत गेली. मी मधल्या रांगेत. दर थोड्या वेळाने माझी मान वळायची. ती दिव्याकडे तबकडी तिरकी धरायची, नाकाशी आणायची, पुन्हा ठेवायची. माझ्याच हातून रंग सांडायला लागला. जागा बदलून घ्यावी म्हटलं तर अदलाबदल करायची नाही असा नियम होता. मालकांच्या वेळी पुढच्या रांगेसाठी लाडीगोडी चालायची, ती पुन्हा नको म्हणून. नियम बरोबरच होता.

घरी मी ह्यांना आडून विचारून बघितलं. "एखादीला खरीच गरज असेल तर खिडकी कायमची नाही का देता येणार?"

"कुणाला आहे गरज?"

"उगाच विचारते."

"अगं, एकीला सूट दिली की दुसरी म्हणणार माझी मान दुखते, तिसरी म्हणणार माझा नवरा दुखतो. गरज मोजायची कशाने? आळीपाळी म्हणजे आळीपाळी."

मग दाजींकडे गेले. दुकानात ते एक लंबक पुसत होते. म्हटलं, "दाजी, समजा एखाद्या चांगल्या कारागिराची नजर गेली. मालक असते तर काय केलं असतं?"

"काय करणार? घरी बसवलं असतं. वाईट वाटलं असतं त्यांना, पण बसवलं असतं." त्यांनी लंबक हलवून बघितला. "का हो मेहुणीबाई, कुणाची नजर गेली?"

"कुणाची नाही."

म्हणजे एकाकडे गेलं तर नियम आडवा आणि दुसऱ्याकडे गेलं तर दरवाजा बंद. मी जिन्यावर मधल्या पायरीवर बसून राहिले. वर ताईचं घर, खाली माझं, आणि जायचं कुठेच नाही.

काही आठवडे गेले. एका दुपारी दाजींचा डबा पोचवायला मी दुकानात गेले. दाजी मागच्या खोलीत होते. तिथलं कपाट टिकटिकत होतं. एक नव्हे, बरीच घड्याळं एकमेकांच्या मागे धावल्यासारखी, कुणाचा ताल कुणाशी जुळत नव्हता.

"दाजी, कपाटात काय आहे?"

"जुना माल."

मी कपाट उघडलं. फडक्यांत गुंडाळलेली नवी कोरी घड्याळं, आमच्या कारखान्याची. एक बाहेर काढलं. पाच, सहा, आठ, आठ, नऊ. सहाच्या खाली शेजारी शेजारी दोन ठिपके. ताईची खूण.

दाजी खुर्चीत बसले. "एक गिऱ्हाईक हसत हसत आलं. म्हणालं, ह्या घड्याळात सात वाजतच नाहीत, मला कामावर उशीर झालेला धरतील का? मग मी बाकीची बघितली. विकली गेलेली परत आणवली, दुसरी दिली."

"कारखान्याला का नाही परत केलीत?"

"परत केली की खूण बघतील."

"आणि गिऱ्हाईक राजा? सासऱ्याने केलेलं का असेना?"

"सासऱ्याने केलेलं असतं तर केलं असतं परत," दाजी म्हणाले. मग हात जोडल्यासारखे करून, "तिला सांगू नका."

"निदान ही बंद तरी करा."

"यंत्रात काही खोट नाही हो. चालणारं घड्याळ बंद कसं करू?"

मी घरी आले तर हे हात धूत होते. किती वेळ धुवावेत! तेलाचे हात मी रोज बघत आले होते, तो डाग तपकिरी. हा काळा होता, नखांच्या कडेला. तबकडीचा रंग.

"तुम्ही वरच्या खोलीत काय करत होता?"

"काही नाही."

"अहो, तो रंग साबणाने जात नाही. टर्पेंटाइन लागतं. ते तुम्हीच बंद केलंत."

मग बाहेर आलं. काटे बसवायच्या आधी ताईच्या तबकड्या हे बाजूला काढत होते. जादा रेघ पात्याने खरवडायची, कमी असेल तर आपणच ओढायची. त्यांनी ओढलेली रेघ मी नंतर पाहिली, पायात चप्पल अडकल्यासारखी होती.

"म्हणजे तुम्ही तपासनीस झालात."

"हळू बोल."

"सगळ्यांच्या बघता?"

"एकीच्याच."

"मग हा वशिला नाही?"

ह्यांनी हात पुसले, फडकं नीट घडी करून ठेवलं. ह्यांनी आयुष्यात कधी फडक्याची घडी केली नव्हती. "मला हे ठरावात बसवता येत नाही," म्हणाले. "बसवून बघितलं. येत नाही."

त्या रविवारी जेवायला बसलो. दोघा साडूंना एकमेकांचं माहीत नव्हतं, मला दोघांचं माहीत होतं.

"तुमचा माल हल्ली चांगला येतो हं, साडूबुवा," दाजी म्हणाले.

"तुमच्यासारखे दुकानदार आहेत म्हणून खपतो," हे म्हणाले.

"बटाटे घ्या."

"आधी तुम्ही घ्या."

ताईचा हात वाढता वाढता थांबला. तिने एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. तिला चेहरे दिसत होते की नाही कुणास ठाऊक, पण कान शाबूत होते. थोडा वेळ नुसतं चमच्यांचं वाजणं ऐकलं तिने.

"कोण मेलंय?" ताई म्हणाली.

"कुठे काय?" दोघे एकदम म्हणाले.

"मग भांडत का नाही?"

ताईने पळी ठेवली. "धाकटे, तू सांग."

"दुकानातलं कपाट," मी ताटाकडे बघत पुटपुटले. तेवढं तिला पुरलं. तिने दाजींच्या कोटाच्या खिशातून दुकानाची किल्ली काढली, माझा हात धरला आणि आम्ही तशाच खरकट्या हातांनी बाहेर पडलो. मागून दाजी "अगं ऐक, अगं ऐक" करत जिन्यापर्यंत आले.

बंद दुकानात कपाट टिकटिकतच होतं. मला काही दाखवावं लागलं नाही. आवाजाच्या रोखाने ती गेली, एक घड्याळ काढलं, दारातल्या उजेडात आणलं, काच उघडली. डोळ्यांनी नाही, नखाने बघितलं. रंग थोडा वर उचललेला असतो. तिचं नख सहावरून पुढे सरकलं. एक रेघ. दुसरी. तिसरी. तिथे नख थांबलं.

"किती आहेत अशी?"

"आहेत बरीच. आणि बाकीची आमचे हे खरवडतात."

मला वाटलं रडेल. पण तिने काच खाडकन मिटली. "दोघांनी मिळून मला घरात ठेवल्यासारखं कारखान्यात ठेवलं," म्हणाली. "मला विचारलं का कुणी?"

सोमवारी सभा असायची. ताईने ते घड्याळ सगळ्यांच्या समोर मेजावर ठेवलं. चालूच होतं. "ही माझी खूण आणि ही माझी चूक," ती म्हणाली. "मला दिसत नाही. मालकांच्या वेळेपासून कमी दिसतंय. खिडकीत निभत होतं. मागे निभत नाही."

हे उठले. आपण काय करत होतो ते त्यांनी सांगितलं. पुढारी म्हणून केलेली भाषणं मी पुष्कळ ऐकली होती, पण इतकं अडखळलेलं एकही नाही.

"वा रे वा!" चिमणी उसळली. "माझ्या नवाची रेघ गेल्या महिन्यात वाकडी गेली, ती नाही कुणी खरवडली! मेहुणी असावं लागतं वाटतं!"

खोलीत गलका झाला. कुणी म्हणालं, म्हणूनच तपासणी हवी. कुणी म्हणालं, मालकच बरे होते, निदान सगळ्यांना सारखं टोचायचे. कुणी म्हणालं, मालकांच्या वेळी ताई खिडकीत हक्काने होती, कामाच्या जोरावर.

"नव्हती," भिंग म्हणाली.

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. भिंग अजून गळ्यातच होतं. तिला रंगवता अजिबात येत नव्हतं, तिचे आकडे बघून आम्ही तोंडावर हात धरायचो. ती उठली नाही. बसल्या बसल्या म्हणाली, "शेवटची दोन वर्षं मी तिच्या चुका सोडत होते. शनिवारी आधी येऊन जादा रेघ मीच पुसायची, फार बिघडलेली तबकडी मोजणीतून काढून टाकायची. खिडकीतून हलवली असती तर ती संपली असती. मालकांना कळलं नाही."

मेजावरचं ते घड्याळ तेवढं बोलत राहिलं. मी ताईकडे बघूच शकत नव्हते. त्या खुर्चीचा अभिमान तिने आयुष्यभर बाळगला होता. दाजी ह्यांना नेहमी म्हणायचे, बघा, गुणाला जागा मिळते, माझ्या बायकोला बघा.

"कुठली शेवटची?" ताईने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझी स्वतःची, बिनचूक, शेवटची कुठली?"

"ते मी नाही सांगणार," भिंग म्हणाली.

मेजाची कड तिने घट्ट धरली होती. मग मान वर करून खिडकीच्या दिशेला तोंड केलं.

"मला खिडकी हवी," ती म्हणाली. "बक्षीस म्हणून नको. आठवडा आला म्हणूनही नको. मला दिसत नाही म्हणून हवी. मोठ्या, स्टेशनच्या, शाळांच्या घड्याळांच्या तबकड्या मला द्या. त्यांचे आकडे हाताएवढे असतात, खिडकीत ते मला दिसतात. आणि माझं काम भिंगने तपासायचं. माझंच नाही, सगळ्यांचं. पण थाळी नको. चूक झाली तर कानात सांगायचं. आता हात वर करा. माझ्याकडे बघून करा, मला नाहीतरी कळायचं नाही कोण नाही करत ते."

ह्यांनी हळूच म्हटलं, "पण उद्या आणखी कुणी—"

"उद्या आणखी कुणी आंधळी झाली तर दोघी बसू. खिडकी रुंद आहे."

हात वर झाले. सगळे नाही. समोर ताई म्हणून बऱ्याच जणींचे गेले, काहींचे अर्ध्यावर राहिले, आणि पुढच्या आठवड्यात जिची खिडकी होती तिने तर हात मांडीखाली दाबून धरला होता. चिमणी सगळ्यांत शेवटी. "ह्या वेळी करते," म्हणाली, "पण मेहुणी म्हणून नाही हं." ठराव पास झाला, जेमतेम. खाली उतरताना दोघी-तिघी ताईशी बोलल्या नाहीत. पुढेही कधी बोलल्या नाहीत.

ताई तीन वर्षं खिडकीत बसली. शाळांची मोठी घड्याळं तिच्या हातची. मग मोठे आकडेही दिसेनासे झाले, तेव्हा ब्रश धुऊन, पुसून, तिने तो चिमणीला दिला आणि स्वतःच्या पायांनी घरी आली. पुढची वीस वर्षं घरात ती नुसत्या कानांनी माणसं ओळखायची आणि आमच्यापेक्षा बरोबर ओळखायची. झोपेत गेली.

चिमणी पुढे कारखान्याची प्रमुख झाली आणि सगळ्यांनी म्हटलं, मालक परवडले. छापील तबकड्या आल्या तसा कारखाना बंद पडला. तिथे आता कपड्यांचं गोदाम आहे. खिडकी विटांनी बुजवली आहे.

दाजींचं दुकान त्याच्याही आधी गेलं. नाक्यावर मोठं दुकान निघालं, तिथे घड्याळं अर्ध्या भावात मिळायची. हे त्या वेळी एक शब्द टोचून बोलले नाहीत, त्याचा दाजींना फार राग आला. "बोला की!" म्हणाले. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी मात्र ह्यांना पुरेपूर ऐकवलं आणि त्या दिवशी हे महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. दोघे म्हातारपणी त्याच इमारतीच्या पायरीवर बसून भांडत. आधी दाजी गेले. त्यानंतर हे रविवारी जेवायला बसले की समोर बघत राहायचे आणि लवकर उठायचे. तेही आता नाहीत.

भिंगला मी शेवटची भेटले ती वृद्धाश्रमात. ताई जाऊन बरेच दिवस झाले होते. गळ्यातला दोरा तसाच होता. मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "आता सांगायला काय हरकत आहे? शेवटची बिनचूक कुठली होती?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"विसरले मी," ती म्हणाली. आणि खोटं बोलणाऱ्या माणसासारखी भिंगाशी चाळा करत बसली.